घोडीचे अकरा महिने

गिरजा जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या पायाची नखं कापून दिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. काही मोठं घडलं असतं तर तेच लिहिलं असतं, पण जे घडलं ते हेच. भिलाईच्या वैशाली नगरात पोराच्या घरामागं एवढंसं अंगण आहे, तिथं दहा वाजता ऊन येतं. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी खाली पाटावर, आणि तिचा पाय माझ्या मांडीवर. दोन वर्षांपासून तिला वाकता येत नव्हतं आणि सुनेला नखं काप म्हणायची तिला लाज. माझा हात थरथरतो. ती वरून ओरडून राहिली होती, "मास काढता काय जी? माणसाचा पाय हाये, घोडीचा खूर नाही, कानस मारून राह्यल्यासारखे काय करता?" मी म्हटलं, "आपली रंगी घोडी कधी एवढी बोंबलली नाही." तशी ती हसली, आणि हसल्यावर नेहमीसारखी खोकली.

तिच्या डाव्या पायावर भाजल्याचा डाग आहे. होता म्हणायला पाहिजे, पण हात तसं लिहीत नाही. त्या डागाची गोष्ट आमच्या पोरांना माहीत नाही. त्यांना वाटतं, कधी चहा सांडला असेल. तेरावं झालं, पाहुणे गेले, आता घरात माझ्याशी बोलायला टीव्ही तेवढा आहे. म्हणून नातीची एक अर्धी भरलेली वही घेतली आणि लिहून राहिलो. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका निघतील, त्या वाचणाऱ्यानं सुधारून घ्याव्या.

आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाचे लोक. भिलाईत कारखाना बांधणं सुरू झालं तेव्हा बाबा आपली बैलजोडी आणि खासर, म्हणजे बैलगाडी, घेऊन माती ओढायला आले आणि मागून मला आणि मायला बोलावलं. दोन-तीन वर्षांत माती ओढायला ट्रक आले, बैलांचं काम गेलं. मग बाबांनी जोडी विकली आणि दुर्गच्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्याकडून जुना टांगा आणि रंगी घोडी घेतली. दुर्ग ठेसनावर उतरणारे लोक कारखान्याच्या जागेवर नेऊन सोडायचे. कधी बाबू, कधी फिटर, एकदा तर दोन रशियन साहेब. त्यांतला एक एवढा जाड होता की टांग्याचं पुढचं टोक वर उचललं आणि रंगी दोन पायांवर आली. तो साहेब उतरला, खिशातून साखरेचा खडा काढून रंगीला दिला आणि हसत हसत पायी निघाला. बाबा म्हणायचे, "देश कोणताबी राहो, चांगला माणूस वजनानं कळते."

पण बाबांना घोडं कळत नव्हतं. सगळी उमर बैलामागं गेलेली. रंगीला ते बैलासारखंच हाकायचे, "हर्र, हर्र, तत् तत्", आणि वळवायचं असलं की शेपटीला हात घालायचे. ठेसनावरचे टांगेवाले पोट धरून हसायचे. त्यांनी बाबांचं नावच 'बैलवाला' ठेवलं. "आओ बैलवाले, आज हल नहीं लाए?" म्हणायचे. बाबा त्यांच्याकडे पाठ करून बिडी ओढायचे. त्यामुळं एक झालं, घोड्याबद्दल काही अडलं तरी बाबा त्यांना मेले तरी विचारणार नाहीत. हे लक्षात ठेवा, सगळा घोळ इथूनच झाला.

आमची झोपडी कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. आज तिथं मोबाईलचं दुकान आहे. मागे नातीला दाखवलं तर ती म्हणाली, "दादाजी, यहाँ घोड़ी? सच्ची?" कुडाच्या भिंती, वर टिन, आणि झोपडीच्या भिंतीला टेकून रंगीचा कोठा. दिवसभर जमिनीत लोखंडी खांब ठोकायचं काम चाले, धम्म, धम्म, धम्म. फळीवरची जर्मनची भांडी त्या तालात वाजत. सुरुवातीला मायला झोप येत नसे. मग अशी सवय झाली की रविवारी काम बंद राहिलं की ती दचकून उठायची, "काय झालं व, कोणी मेलं काय?" लाल धूळ भातात, पाण्यात, माणसाच्या कानात. भोंगा वाजला की रंगी कान टवकारायची आणि आमच्या आधी तिला कळायचं की मी घमेलं टाकून घरी येतो. मी तेव्हा काँक्रीटच्या कामावर बेलदारांच्या हाताखाली होतो.

त्या वर्षी शिवरात्रीला रंगी घोड्याकडून भरवली. बाबांनी बोटं मोजली, नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे दिवाळी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. गिरजा तुमसरची. आई लहानपणीच गेली म्हणून ती आज्याकडे वाढली, आणि आज्याचे तुमसरात दोन टांगे होते. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मुलगी धान रोवते काय, सैपाक येते काय, हे विचारलं. घोडी कळते काय हे कोण विचारतं? आणि आमच्याकडची रीत अशी की सुनेनं सासऱ्यासमोर, म्हणजे मामाजीसमोर, बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, काही लागलंच तर सासूच्या कानात. बाबासुद्धा भिंतीकडे पाहून म्हणायचे, "पाणी पाह्यजे होतं," आणि पाणी यायचं.

दिवाळी झाली तशी आमच्या घरी बाळंतपणाची तयारी सुरू झाली. बाबांनी टांगा सोडला, रंगीला आराम दिला, आणि स्वतः माझ्याबरोबर घमेलं उचलायला आले. पन्नाशीचा माणूस, टांग्यावर पाय हलवत बसायची सवय झालेला. संध्याकाळी मान धरून बसायचे, पण म्हणायचे, "बस, पंधरा दिवस." थंडी पडली होती. मी कामावरून सिमेंटच्या रिकाम्या कागदी थैल्या आणायचो, माय त्या भाताच्या खळीनं एकावर एक चिकटवून कोठ्याच्या कुडाला आतून लावायची. उतई गावाहून बाबांनी बैलगाडीभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणली. मायनं तर कमाल केली. गायीसाठी करतो तसं सगळं केलं: विळा घासून ठेवला, जुनं लुगडं फाडून ठेवलं, कोंढ्यात गूळ मिसळून गोळे केले, आणि वर सुंठीचे लाडू. मी म्हटलं, "माय, लाडू कोणासाठी?" "रंगीसाठी." "घोडी लाडू खाते?" "पहिलटकरीण हाये बापा, कावून नाही खाणार?" रंगीनं खाल्ले. चारच. बाकीचे मी खाल्ले.

गिरजा हे सगळं पदराआडून पाहायची आणि काही बोलायची नाही. फक्त कधी कधी तिचे खांदे हलायचे. मला वाटायचं, थंडी वाजते.

पंधरा दिवस गेले. महिना गेला. रंगी मजेत खाऊन राहिली, पोट ढोलासारखं, पण व्यायचं नाव नाही. रात्री आळीपाळीनं आम्ही कोठ्यात शेगडी घेऊन बसायचो, आणि सकाळी बाबा आणि मी लाल डोळ्यांनी कामावर जायचो. माय म्हणाली, "म्हशीले दहा महिने लागते, तसं असन." मग म्हशीच्या हिशेबानं वाट पाहिली. तेही दिवस सरले. बाबा कोठ्याच्या दारात उकिडवे बसून म्हणाले, "गाईचं झालं, म्हशीचं झालं, आता काय हत्तीचं मोजू?" आम्ही हसलो, पण बाबा हसले नाहीत. रंगी गेली तर टांगा गेला, आणि टांगा गेला तर राहिलेली उमर डोक्यावर घमेलं. ते त्यांच्या मानेकडे पाहून कळत होतं.

झोपडी एक खोलीची, माणसं चार. मला आणि गिरजाला बोलायची जागा म्हणजे कोठ्यामागची तणशीची रास. तिथं तणस काढायला दोघं गेलो की दोन गोष्टी व्हायच्या. त्या दिवशी तणस उपसताना ती एकदम म्हणाली, "घोडीचे अकरा महिने असते."

"काय?"

"अकरा. आज्याकडे चार शिंगरं झाले माह्यासमोर. संक्रांतीच्या आधी ते काही येत नाही, तुम्ही शेगडी जाळा नाही तर होळी."

"मग आजवर कावून नाही सांगतलं?"

"कोणाले सांगू? मामाजीले? अन् तुम्ही कधी इचारलं मले?" हातातली तणस तिनं माझ्या छातीवर ठेवली. "तुम्ही सांगा. मी नाव नाही सांगणार कोणाले. तुम्हालेच सुचलं म्हणा."

"सांगतो," मी म्हटलं. "उद्याच सांगतो."

नाही सांगितलं. आता लपवायचं काय. माझ्याच्यानं झालं नाही. तोंड उघडलं की बाबा म्हणतील, तुले कोणं सांगतलं? आणि मी खोटं बोलायला कच्चा. मग कामावर, वस्तीत बोंब होईल की धनराज बायकोच्या पदराआडून बोलते. वीस वर्षांचा होतो, मिशी नुकतीच आलेली, त्या मिशीची मला फार काळजी. गिरजा रोज डोळ्यांनी विचारायची आणि मी रोज तणशीकडे पाहायचो.

मग बाबांनी बिसाहूला आणलं. उतईकडचा गुराढोरांचा जाणता, तणस त्याच्याचकडून घेतली होती. म्हातारा, कानात बाळ्या, खांद्यावर ढोरांना औषध पाजायची बांबूची नळी. वार अडकलेल्या म्हशी, अडलेल्या गाई त्यानं किती तरी सोडवल्या होत्या, त्याचं नाव होतं. माणूस वाईट नव्हता, पण तोही बैलवालाच. त्यानं रंगीच्या पोटावर हात फिरवला, जीभ टाळूला लावून आवाज केला आणि म्हणाला, "पेट मा पिला सुखा गे हे, मंडल. काढा पिया दे, दू घंटा मा निकल जाही." शिंगरू पोटातच वाळलं, काढा पाजला की दोन तासांत पडेल. बाबा खाली बसले. खालूनच म्हणाले, "अन् घोडी?" बिसाहू म्हणाला, "भगवान के हाथ." पण शिंगरू वाळलं असेल तर काढा न देताही घोडी मरणारच, असं त्याचं म्हणणं, आणि ते म्हणणं बाबांना पटलं.

रविवार होता. अंगणात तीन दगडांवर हंडी चढली. बांबूचा पाला, सुंठ, जुना गूळ आणि बिसाहूनं जंगलातून आणलेली कसलीशी मुळी. तिचा वास असा की शेजारचं कुत्रं उठून गेलं. बाबांनी रंगीची मान धरली, मी दावं धरलं. मी दावं धरलं, हे लिहायला पाहिजे. माय पदराचं टोक तोंडात धरून उभी. गिरजाला हंडी उतरवायला सांगितली. तिनं फडक्यानं हंडी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं होतं. नुसतं वाट पाहिल्यासारखं पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं, बाबा रंगीकडे पाहत होते, आणि मी दावं आणखी घट्ट धरलं. तशी ती चालली. चार पावलं चालली, ठेचकाळली, आणि सगळी हंडी जमिनीवर.

काय ओरडा झाला! "आंधळी हायेस काय व! सपाट जमिनीवर पडते!" माय. "पोरगी पाहून आणली का ठोंब्या आणला!" हे बाबा भिंतीला म्हणाले. बिसाहू मातीत बोटं घालून मुळीचे तुकडे वेचून राहिला. मुळी संपली होती, आता मडईची जत्रा झाल्यावर जंगलाकडं जाईल तेव्हा आणेल, पंधरा-वीस दिवस तरी लागतील, असं म्हणून तो चहा पिऊन गेला. त्या सगळ्या गोंधळात गिरजाचा डावा पाय वाफाळत होता हे कोणाला दिसलं नाही. ती कोठ्यामागं गेली. मी गेलो तर पायावर ओली राख थापून राहिली होती.

"तू मुद्दाम सांडली."

"मग काय करू जी? तुमच्यानं बोलणं होत नाही, मले सांडणं तरी येते."

मी खाली बसलो आणि राख थापू लागलो. दुसरं काय करणार? तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली, "हळू. चिखल थापून राह्यले काय?"

तीन आठवडे घरात तिचं नाव 'आंधळी' झालं. "आंधळे, पाणी आण. पाहून आण." ती पाहून आणायची. फोड आला, फुटला, तरी रोज विहिरीवरून दोन गुंड पाणी डोक्यावर. मी रात्री ठरवायचो, सकाळी सांगतो. सकाळी भोंगा वाजायचा आणि मी सुटल्यासारखा पळायचो. एक मात्र होतं, संध्याकाळी येताना बाबांच्या आधी कोठ्यात जाऊन रंगीच्या पोटाला कान लावायचो. एकदा आतून माझ्या गालावर लाथ बसली. असा आनंद मला नंतर पहिल्या पगारालाही झाला नाही. मी पळत जाऊन बाबांना सांगितलं, "जित्तं हाये!" बाबांनी स्वतः कान लावला, कितीक वेळ लावून ठेवला, आणि उठून नाक शिंकरलं. एवढं सांगता आलं. बाकीचं तेव्हाही नाही.

संक्रांत झाली. तिळाचे लाडू संपत आले. एका रविवारी सकाळी गिरजा रंगीच्या पोटाखाली वाकून पाहून आली आणि चुलीजवळ मला हळूच म्हणाली, "सडावर चिकाचं मेण आलं. आज होते. पण तुम्ही सगळे असे डोळे फाडून दारात बससान तर नाही होणार. घोडीले लाज असते, एकटी राह्यली की मोकळी होते."

"मग?"

"मग काही नाही. जेवाले बसा."

असं जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, गरम भात, वर जवसाची चटणी आणि कच्चं तेल. बाबा म्हणत होते, "मी दारापाशी बसतो," पण मायनं ओढून बसवलं, वड्याचा वास होताच. गिरजा वाढत राहिली. एक वडा तळायची, वाढायची, मग दुसरा. भात हवा काय म्हणून विचारायची मायच्या कानात, माय बाबांना विचारायची, बाबा मायला सांगायचे, माय तिला. एका भाताला पाच मिनिटं. बाबांनी तीनदा उठायचं केलं, तीनदा ताटात वडा पडला. "पुरे, पुरे, व्यायाचं रंगीले हाये का मले?" बाबा म्हणाले. शेवटी गिरजानं कढई उतरवली, बाहेर कान दिला, आणि पदर नीट करून बाजूला उभी राहिली. तेव्हा आम्ही हात न धुताच गेलो.

तणशीवर शिंगरू पडलं होतं, ओलं, काळपट तांबडं, चारही पाय चुकून दुसऱ्याचे लावल्यासारखे. कपाळावर पांढरा टिपका. रंगी त्याला चाटून राहिली होती आणि आम्हाला पाहून तिनं फुर्रर केलं, म्हणजे एवढ्यात नका येऊ. तासाभरात ते उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं, पुन्हा पडलं. प्रत्येक वेळी माय "बाई बाई बाई" म्हणायची. पाचव्यांदा उभं राहिलं ते थेट सडाला लागलं. सिमेंटच्या थैल्यांच्या भिंतीला टेकून बाबा रडले. मग मान ताठ करून वस्तीभर सांगून आले. रात्रीपर्यंत माणसांची रांग. घासलेला विळा आढ्याला तसाच टांगून राहिला, नाळ आपोआप तुटली होती. मायनं सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, "त्या दिशी काढा सांडला ना, तो देवीनं सांडवला. माह्या आंधळ्या सुनेचा पाय धरून देवीनं पाडलं तिले." बायका हात जोडायच्या. गिरजाही जोडायची. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं पदरात हसू दाबलं. ती खरोखर खूष होती. मी नव्हतो. रंगी वाचली, शिंगरू वाचलं, आणि मी वडे खाऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी तोंड धुऊन आलो तर माय पितळी गुंड मांडीत धरून रंगीजवळ बसलेली, आणि बाबा शिंगराच्या गळ्यात वासरासारखं दावं घालून ते खुंट्याला बांधून राहिले. शिंगरू ओरडत होतं, रंगी मागचा पाय उचलत होती. "काय करून राह्यली माय?" मी विचारलं. "चीक काढतो. खरवस करून पह्यले देवीले, मग साऱ्या वस्तीले. गाय व्याली का आपण काढत नाही काय?" गिरजा दारात उभी होती. हातात झाडू, नजर खाली, पण बोटं झाडूवर आवळलेली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वेळी भोंगा वाजला, जायची वेळ झाली होती. मी गेलो नाही.

"थांब माय," मी म्हटलं. "हिले इचार. गिरजा, सांग त्याइले."

बायकोचं नाव मी आईबापासमोर कधी घेतलं नव्हतं. मायचा गुंड हातातच राहिला. बाबा वाकलेले तसेच वळले. मी थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो, म्हणून एका दमात सगळं ओकलो. घोडीचे अकरा महिने असतात हे हिनं मला तेव्हाच सांगितलं, मी भेकड, मी सांगितलं नाही. काढा देवीनं नाही, हिनं सांडला, पाय भाजून घेऊन सांडला. काल जेवायला बसवलं तेही हिनंच. माय गिरजाच्या पायाकडे पाहून राहिली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं, खाकरले, आणि भिंतीला विचारलं, "मंग चीक काढाचा नाही म्हणते काय ते?"

"नाही मामाजी," गिरजा म्हणाली. मायच्या कानात नाही, मोठ्यानं. "तो शिंगराचाच हाये. घोडीचं बांधत नसते."

बाबा बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "ऐकू नाही आलं काय तुले?"

मी खुंट्याजवळ गेलो आणि शिंगराचं दावं सोडलं.